मदत हवी आहे: मुलींच्या कॉलेज बास्केटबॉल संघासाठी सहायक कोच निवडायचा आहे

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका सिनिअर कॉलेजात मी फिजिकल डायरेक्टर आहे. आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी सहायक कोच घ्यायचा आहे. तीन अर्ज हातात आहेत आणि शनिवारपर्यंत प्राचार्यांना एक नाव द्यायचं आहे. बास्केटबॉलमध्ये कोच, खेळाडू, पालक म्हणून वावरलेल्यांनी जरा वेळ काढून वाचा, ही विनंती.

गेल्या वर्षीचा प्रसंग सांगते, म्हणजे घाई का आहे ते कळेल. झोनलची (विद्यापीठाच्या विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची) सेमीफायनल चालू होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या मुख्य कोच सरांची शुगर एकदम खाली गेली. सर ६३ वर्षांचे आहेत, १८ वर्षं हा संघ सांभाळतायत. त्यांना बाजूला नेऊन साखर दिली, पण ते परत उभे राहू शकले नाहीत. आमच्या स्कोअरशीटवर सहायक कोचचं नावच नव्हतं. नियमाप्रमाणे टाइमआउट फक्त मुख्य कोच किंवा पहिला सहायक कोच मागू शकतो आणि दोघंही नसतील तर कर्णधारालाच कोच म्हणून काम करावं लागतं. आमच्या कर्णधार मुलीवर तेव्हा चार फाउल होते, पाचवा झाला की खेळाडू सामन्याबाहेर. स्वतःला पाचव्या फाउलपासून वाचवायचं, बदली खेळाडू ठरवायचे, टाइमआउट मागायचा, असं सगळं एका २० वर्षांच्या पोरीवर पडलं. मी मॅनेजर म्हणून बाकावर बसून होते, मला काही करता येत नव्हतं. आम्ही ५ गुणांनी हरलो. त्या रात्री बसमध्ये ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मॅडम, शेवटचा टाइमआउट मी घ्यायलाच विसरले."

संस्थेनं आता मानधन मंजूर केलंय, महिना १२,००० रुपये, दहा महिने. त्याहून जास्त मिळणार नाही. सराव पहाटे पावणेसहा ते साडेसात, सिमेंटच्या उघड्या कोर्टवर. झोनल येतात ऐन पावसाळ्यात, त्यामुळे अर्धा सराव खराटा मारण्यात जातो, हेही उमेदवाराला आधीच सांगितलंय.

आता अर्जदार.

पहिली आमचीच माजी कर्णधार. वय २४, बी.पी.एड. झालंय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच कोर्टवर खेळत होती, आत्ताच्या संघातल्या तिघी तिच्याबरोबर खेळल्यात. मुलींना तीच हवी आहे. मला भीती एवढीच की काल जिच्या डब्यातलं खाल्लं तिनं आज पाच फेऱ्या पळ म्हटलं, तर ऐकतील का? आणि कोणाला बसवायचं हे ठरवताना तिचं मन घट्ट राहील का?

दुसरे गृहस्थ ३८ वर्षांचे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एन.आय.एस.) कोचिंग डिप्लोमा, मुलांच्या संघांचा दहा वर्षांचा अनुभव. खेळाची जाण तिघांत सर्वांत जास्त, याबद्दल वादच नाही. सरांचा कल त्यांच्याकडे आहे. पण मुलाखतीत ते म्हणाले, "मुलींना फार समजावत बसलं की त्या लाडावतात." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तिसऱ्या बाई ३३ वर्षांच्या, राज्याकडून खेळलेल्या, गावातल्याच बँकेत नोकरीला. मुलगा पाच वर्षांचा. रोज सकाळी येऊ शकतील, स्पर्धांना मात्र रजा मिळेल तशा. कोचिंगचा कोणताही कोर्स झालेला नाही. मुलाखतीत आम्ही प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी आम्हाला एकच विचारलं, "मुली पहाटे काय खाऊन येतात?" खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलींना विचारलं. चौदापैकी नऊजणी फक्त चहा घेऊन येतात.

आणखी एक अडचण. बाहेरगावच्या स्पर्धांना मुक्काम असतो. मुलांच्या कबड्डीच्या तारखा बऱ्याचदा त्याच वेळी येतात, तेव्हा मी मुलींबरोबर जाऊ शकत नाही. २०२२ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं देशात किंवा देशाबाहेर स्पर्धांना जाणाऱ्या महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला कोच हवीच असा नियम केला. तो आमच्यासारख्या कॉलेजला लागू नाही, पण कोचच्या गैरवर्तनाच्या तक्रारीनंतर तो करावा लागला, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. संघात अकरावी-बारावीतून नुकत्याच वर आलेल्या मुली आहेत, त्यांच्या आयांना मी उत्तर द्यायचं असतं.

तर विचारायचं असं: तुम्ही असतात तर कोणाला घेतलं असतं? आणि मुलाखतीपलीकडे जाऊन माणूस पारखायचा कसा?

प्रतिसाद १

मॅडम, मी नागपूरचा. तीस वर्षं कोचिंग केलं, आता घरी आहे. मुलाखतीत कोच कळत नाही. तिघांनाही कोर्टवर उतरवा.

प्रत्येकाला ४० मिनिटं द्या, तुमच्याच मुली. विषय तुम्ही द्या, एकच आणि साधा, उदाहरणार्थ बॉक्सआउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीमागे अडवून धरणं). सोपा विषय शिकवतानाच माणूस उघडा पडतो. शेवटची दहा मिनिटं पाच विरुद्ध पाच खेळवा आणि मध्येच शिटी मारून सांगा, टाइमआउट. मिनिट मोजा. साठ सेकंदांत तो किती गोष्टी सांगतो ते पाहा. तीनहून जास्त सांगितल्या तर पोरींच्या डोक्यात एकही राहत नाही. टाइमआउट संपल्यावर कोर्टवर जाणाऱ्या मुलीला हळूच विचारा, काय सांगितलं? तिच्या उत्तरावर गुण द्या, कोचच्या भाषणावर नको.

आणि तुमची नजर खेळणाऱ्या दहांवर ठेवू नका, बाहेर उभ्या असलेल्या चौघींवर ठेवा. मुख्य कोचचं लक्ष पहिल्या पाचांवर असतं, असायलाच पाहिजे. बाराव्या-तेराव्या मुलीकडे बघणं हे सहायकाचं खरं काम. जो उमेदवार त्या चौघींच्या हातात चेंडू देऊन त्यांना कामाला लावेल, त्याच्यापुढे टिक मारा.

सरांना तिथे बसवा, पण बोलू देऊ नका. पुढे रोज त्यांनाच त्या माणसाबरोबर उभं राहायचंय.

प्रतिसाद २

ताई, मी सांगलीकडून खेळायचे. दुसऱ्या वर्षाला खेळ सोडला. कारण आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगते. पाळी खूप त्रासाची होती. त्या दिवसांत कमी पळाले की कोच म्हणायचे, आज अंगात आलंय का? माणूस वाईट नव्हता, त्यांना कळत नव्हतं एवढंच. संघासोबत एक जरी बाई असती तर मी तिसऱ्या वर्षालाही खेळले असते. "काय खाऊन येतात" हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी तिच्यासाठी जीव तोडून खेळले असते. तिसऱ्या बाईंना घ्या.

प्रतिसाद ३

फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. खाण्याबद्दल आधी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तुमच्या चौदाजणींत तो नसेल असं धरून चालू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. "स्टॅमिना नाही" म्हणून रागावलं जातं त्यातल्या बऱ्याच मुलींना मुळात रक्त कमी असतं. केळं, गूळ-शेंगदाणे, उकडलेलं अंडं असं काहीतरी सरावाआधी-नंतर पोटात जाईल अशी सोय कॉलेजनं करावी, यात फार खर्च नाही.

दुसरं गुडघ्याचं. उडी मारून खाली येताना आणि एकदम दिशा बदलताना एसीएल लिगामेंट (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध) फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त असतो, त्यात तुमचं कोर्ट सिमेंटचं. उतरताना गुडघे आत वळू न देणं हे शिकवता येतं, वॉर्मअपमध्ये रोज पंधरा मिनिटं दिली तर दुखापती कमी होतात हे सिद्ध झालेलं आहे. तिघांनाही विचारा, वॉर्मअप काय घ्याल? "कोर्टला चार राउंड" एवढंच उत्तर आलं तर त्या उमेदवाराला हे शिकवावं लागेल, मग तो कितीही अनुभवी असो.

प्रतिसाद ४

माझं मत वेगळं आहे, आणि राग मानू नका. एन.आय.एस. झालेला माणूस १२,००० मध्ये मिळतोय, तो सोडू नका. २०१७ मध्ये बंगळुरूला आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाची डिव्हिजन बी (दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा) जिंकली, तेव्हा मुख्य कोच सर्बियाचे झोरान व्हिसिच होते. पुरुष कोच मुलींना घडवू शकत नाही हे मला मान्य नाही. आमच्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तीही उत्तम तंत्र शिकवणाऱ्यांच्या हाताखालूनच. प्रेमळ माणूस मिळाला आणि झोन डिफेन्स (प्रत्येक खेळाडूनं कोर्टचा एक भाग राखायचा बचाव) फोडता आला नाही, तर मुली झोनलच्या पुढे इंटरझोनलला कशा जाणार? मुक्कामाला दुसरी एखादी प्राध्यापिका पाठवा.

प्रतिसाद ५

मी अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये असते. इथे मुलींचं कॉलेज बास्केटबॉल म्हणजे घराघरातला विषय आहे, म्हणून लिहिते. इथल्या विद्यापीठाचा मुलींचा संघ १२ वेळा राष्ट्रीय विजेता झालाय. मुख्य कोच जीनो ऑरिएमा १९८५ मध्ये आले आणि त्याच वर्षी त्यांनी क्रिस डेली यांना सहायक म्हणून आणलं. चाळीस वर्षं झाली, त्या अजून त्यांच्या शेजारीच बसतात. ऑरिएमा कडक बोलतात हे सगळ्यांना माहीत आहे. संघाची शिस्त, मुलींचं वागणं-बोलणं, त्यांची घडी डेली बसवतात. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुख्य कोच डॉन स्टेली २००२ पासून लिसा बोयर यांना सहायक म्हणून बरोबर ठेवून आहेत, आधीच्या विद्यापीठातून त्यांना घेऊनच तिथे आल्या. बोयर वयानं स्टेलींपेक्षा मोठ्या आहेत. म्हणजे सहायक हा शिकाऊच असला पाहिजे असं नाही. मुख्य कोचकडे जे नाही ते सहायकाकडे आहे का, एवढं बघा. तुमच्या सरांकडे तंत्र आहे. मग आणखी एक तंत्रवाला कशासाठी?

वरच्या प्रतिसादाला एक उत्तर. १९७२ मध्ये इथे मुलींना शिक्षणात, आणि त्यामुळे कॉलेजच्या खेळातही, समान हक्क देणारा कायदा आला. तेव्हा सगळे खेळ मिळून कॉलेजच्या मुलींच्या संघांच्या ९० टक्क्यांहून जास्त कोच स्त्रिया होत्या. पुढे पगार वाढले, मान वाढला आणि आज ते प्रमाण निम्म्याच्या खाली आहे. बाईला पहिली संधी कोणीतरी दिल्याशिवाय तिचा अनुभव वाढणार कसा?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नागपूरच्या सरांचं ऐकून काल तिघांनाही कोर्टवर बोलावलं. थोडक्यात सांगते.

दुसऱ्या गृहस्थांनी बॉक्सआउट इतकं सुंदर शिकवलं की आमचे सर खिशातून कागद काढून लिहून घेत होते. पण टाइमआउटमध्ये त्यांनी सात गोष्टी सांगितल्या. मी आमच्या पॉइंट गार्डला (चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणाऱ्या मुलीला) विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, मी चुकले एवढं कळलं." बाहेरच्या चौघी चाळीस मिनिटं हात बांधून उभ्या होत्या.

माजी कर्णधार पहिली पंधरा मिनिटं हसण्यात घालवून बसली. मग तिच्या लक्षात आलं, आवाज बदलला, शेवटी छान जमलं. तिला वेळ हवा आहे.

बँकेतल्या बाईंना शेल ड्रिल (बचावाचा एक सराव) घेताना अडखळायला झालं, सरांनी भुवया उंचावल्या. टाइमआउटमध्ये त्यांनी दोनच वाक्यं सांगितली, एक मागच्या फळीला आणि एक गार्डला. बाहेरच्या चौघींना त्यांनी आल्या आल्या जोड्या लावून दिल्या होत्या, त्यातली एक मुलगी तर या वर्षात पहिल्यांदाच घामानं भिजलेली मी पाहिली. वॉर्मअपचं विचारल्यावर म्हणाल्या, "माझाच गुडघा गेलाय, मला विचारू नका, मी दाखवतेच," आणि उडीवरून उतरायचं कसं ते प्रत्येकीकडून दहादा करून घेतलं.

सराव संपल्यावर सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डिफेन्स मी शिकवीन तिला."

चौथ्या प्रतिसादातल्या पुण्याच्या मित्रांना एवढंच म्हणेन, तुमचा मुद्दा मी सोडलेला नाही. झोन फोडणं शिकवायलाच हवं, ते सर शिकवतील. पण "प्राध्यापिका पाठवा" हे आम्ही तीन वर्षं करून पाहिलं. त्या बाई मुलींना ओळखत नाहीत, मुली त्यांना काही सांगत नाहीत. बरोबर कोणीतरी बाई आहे, एवढंच कागदावर दिसतं. एन.आय.एस.वाल्या गृहस्थांना मी स्वतः फोन करून नकार कळवला. ते नाराज झाले, त्यांच्या जागी मीही झाले असते.

प्राचार्यांना बँकेतल्या बाईंचं नाव दिलं आहे. मानधनातले ४,००० माजी कर्णधाराला देऊन तिला आकडेवारी आणि फिटनेससाठी घ्यायचं, असं बाईंनीच सुचवलं, कारण रजा न मिळाल्यास स्कोअरशीटवर दुसरं नाव तयार हवं.

आता शेवटचा प्रश्न, खास करून बँकेत असलेल्यांना. स्पर्धेसाठी विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं पत्र दिलं तर कोच म्हणून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला विशेष रजा मिळते का, की ती फक्त खेळाडूंनाच असते? असं पत्र कोणी दिलं असेल तर त्याचा मजकूर इथे टाकाल का? झोनलला सात आठवडे उरलेत.