डच वकिलातीच्या भिंतीवर काय लावायचं?

मोरपंखी:
डच म्हटलं की ट्युलिप, पवनचक्की, फारतर व्हर्मीरच्या चित्रातली मोत्याच्या डुलाची मुलगी. वकिलातीत तरी हे बास करा, आजचे डच फोटो लावा असं माझं ठाम मत आहे. फोटोग्राफर रिनेके डाइकस्ट्राने १९९० च्या दशकात पोलंड, अमेरिका, युक्रेन असं फिरून समुद्रकिनाऱ्यावरच्या वयात येणाऱ्या पोरापोरींचे फोटो काढले, स्विमसूटमध्ये एकेकटी उभी, हातांचं काय करावं ते कळत नाहीये अशी. जुना डच चित्रकार रेम्ब्रांटने स्वतःचा थकलेला चेहरा जसाच्या तसा रंगवला, त्याच घराण्यातलं आहे हे काम. देशाची खरी ओळख ही.

खाडीपलीकडे:
पटलं नाही. फोटो भारी आहेत पण म्युझियममध्ये. वकिलातीत माणूस पासपोर्ट हरवला, कुणी परदेशात वारलं अशा कामाला येतो, आणि तिथले निम्मे कर्मचारी त्याच गावचे असतात, त्यांना रोज आठ तास ते बघायचंय. काही देशांत स्विमसूटमधली कोवळी पोर भिंतीवर म्हणजे थेट अपमान वाटेल. पाहुण्याने यजमानाचा मान ठेवायला नको का?

मोरपंखी:
मान ठेवा ना, पण घाबरून गुळमुळीत होऊ नका. डच फोटोग्राफर एर्विन ओलाफच्या नग्न फोटोंवर कमी वाद झाले का? तरी डच राजा विलेम-अलेक्झांडरच्या युरो नाण्यांचं डिझाइन त्याच्याकडेच दिलं.

शेवग्याचीशेंग:
नाणं खिशात असतं हो, भिंत समोर असते. आणि भारतातल्या कचेरीबद्दल बोलायचं तर दोघांचंही अर्धवट वाटतं. रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रं बघून २० च्या वर चित्रं काढली, शहाजहानसुद्धा, त्याच्या प्रती लावा. शेजारी वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा आजचा फोटो, १६३७ पासून डच तिथे होते आणि आता भिंती ढासळल्यात. डच ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास गाळून नुसती सुंदर कला दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं.

खाडीपलीकडे:
वखारीला माझं शंभर टक्के हो. तो फोटो बघून कोकणातला माणूस स्वतःहून बोलायला लागेल.

उन्हाळी:
काहीही लावा पण आधी खिडक्या बघा! कागदावरच्या कामाला आणि कलर प्रिंटला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड चालतो, आणि बर्लिनची, वास्तुरचनाकार रेम कूलहासने बांधलेली डच वकिलात आठवा, नुसती काच. तिथे मूळ प्रिंट कायमचा टांगला तर रंग उडणारच, त्यामुळे दर काही महिन्यांनी बदलायचे नाहीतर चांगल्या प्रती लावायच्या, आणि फोटोग्राफरला त्या प्रतींचेही पैसे द्यायचे.