बायबलच्या कार्टूनसाठी महिन्याला पाचशे रुपये : द्यावेत का?

जुना कॅशियर, जालना :

गेल्या रविवारी भक्ती संपल्यावर आमच्या मंडळीत एका संस्थेचे प्रतिनिधी आले होते. पडदा लावून त्यांनी दावीद आणि गल्याथाचं मराठी कार्टून दाखवलं. पोरं जाम खूश, आणि खरं सांगायचं तर मीही. मग फॉर्म वाटले. दरमहा पाचशे, खात्यातून आपोआप कापले जाणार. संस्था बायबलच्या गोष्टींची कार्टून मराठीत आणते, संडे स्कूलला टॅब देते, उन्हाळ्यात सुट्टीतल्या बायबल शाळेला वह्या-पुस्तकं पुरवते. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा नावाभोवतीच फिरते.

आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळं फॉर्म भरायच्या आधी मी ताळेबंद मागितला. आधी गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका आली. चार फोन केल्यावर ऑडिट झालेले हिशेब मिळाले. खर्चाच्या बाजूला 'कार्यक्रम' या एकाच ओळीत डबिंग, टॅब, छपाई आणि असे पडदा लावून वर्गणीदार मिळवायचे दौरे, सगळं एकत्र. म्हणजे मला वर्गणीदार करायला आलेल्या माणसाचं गाडीभाडं मुलांवरच्या खर्चात. शिवाय परदेशातून फुकट मिळालेल्या कार्टूनांची किंमत जमेला धरलीय आणि तीच रक्कम खर्चालाही टाकलीय. एक रुपया इकडचा तिकडं हलला नाही, पण 'बहुतेक सगळा पैसा थेट मुलांवर' हे पुस्तिकेतलं वाक्य त्याच्याच जिवावर उभं आहे.

हेही मी एक वेळ सोडून दिलं असतं. अडलो ते 'पोहोचलेली मुलं' या आकड्यापाशी. त्यात आमची संडे स्कूलही आहे, हजेरी जून-जुलैची. आमच्या अर्ध्याअधिक पोरांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. पोरंही जातात. परत उगवतात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला. तोवर टॅब पाळकसाहेबांच्या कपाटात. मग पोहोचलं काय आणि कुणाला?

मुलांसाठी छापणं-दाखवणं आपल्याला नवं नाही. अमेरिकन मराठी मिशननं 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक १८७३ सालीच काढलं होतं. आमच्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेही त्याच शतकातलं. तेव्हा कामाला माझा विरोध नाही. पैसे द्यावेत का, एवढंच विचारतोय. माझं मत : आत्ता नाही.

गोदाकाठ, नांदेड :

जय ख्रिस्त काका. वाचून वाईट वाटलं. दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं प्रभूनं सांगितलंय, तुम्ही तर दोन्ही हातांत कॅल्क्युलेटर घेऊन बसलात. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मोबाईलवर ती काय काय बघते ते मला विचारा. त्यापेक्षा योसेफाची गोष्ट बघितलेली काय वाईट? पाचशे रुपयांत हॉटेलात चौघांचं धड जेवण होत नाही, तिथं आपण बिल तपासत नाही.

जुना कॅशियर, जालना :

मी तपासतो. असो. ते वचन देणाऱ्याच्या मिरवण्याबद्दल आहे. घेणाऱ्यासाठी करिंथकरांस दुसरं पत्र काढा, आठवा अध्याय, वचनं २० आणि २१. यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी पौल एकट्यानं नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणी बोट दाखवू नये म्हणून. पौलापेक्षा ही संस्था मोठी नाही.

डेबिट आधी, छ. संभाजीनगर :

सीए आहे, चर्चशी संबंध नाही. फुकट मालाबद्दल काकांचं बरोबर. पोतंभर गहू दान आला तर मोंढ्यात भाव विचारता येतो. कार्टूनच्या आणखी एका प्रतीला जवळजवळ काहीच खर्च नसतो, त्यामुळं देणारा म्हणेल ती किंमत. ती रक्कम दोन्ही बाजूंनी खोडा आणि टक्केवारी परत काढा, मग खरं चित्र दिसेल.

पण टक्केवारीचं वेडही बरं नाही. अमेरिकेत गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्था इतर संस्थांची पारख करून देणगीदारांना सांगतात. त्यांनीच २०१३ साली देणगीदारांना जाहीर पत्र लिहून बजावलं की नुसत्या व्यवस्थापन खर्चावरून संस्था जोखू नका. साधी गोष्ट आहे, हिशेबनीस न नेमणारी संस्था कागदावर सगळ्यात काटकसरी दिसते. डबिंगवाल्याला, तंत्रज्ञाला नीट पगार द्यायलाच पाहिजे.

आपल्याकडची स्थिती बघा. २०२० च्या दुरुस्तीनं एफसीआरए म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली अशा देणगीतला प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला. ते पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच उतरले पाहिजेत. आणि एका संस्थेनं आपली परकीय देणगी दुसरीकडं वळती करायची नाही. पूर्वी मोठी संस्था अंबड-घनसावंगीच्या छोट्या मंडळाला त्यातून पैसे द्यायची, ते बंद. माझा अंदाज असा की म्हणूनच ही मंडळी आता तुमच्या दारात पाचशेला येतायत. शिवाय जुलै २०२२ मध्ये गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावरून अशा संस्थांचे वार्षिक हिशेब लोकांना दिसायचे थांबले. आधी घरबसल्या बघता यायचे.

तरी मार्ग आहे. न्यास महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानं त्याला ऑडिट झालेले हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात, ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये, जमाखर्च नऊमध्ये. अर्ज करा, नक्कल काढा. पुस्तिका ठेवा बाजूला.

आणि एक विचारून घ्या : पावतीवर ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, आहे का? ती करसवलत एखाद्या विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला मिळत नाही. धर्मादाय संस्थेनं धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत खर्च केला तर चालतो, त्यापुढं नाही. तेव्हा ८०जी असेल तर आयकर खात्यापुढं हे काम शिक्षण आहे आणि तुमच्या मंडळीत सुवार्ता आहे. दोन्हीकडं एकच उत्तर मिळतंय का बघा.

कोरडवाहू, परभणी :

सीए साहेब शेवटी हळूच बोलले ते मी मोठ्यानं बोलतो. पैसा राहू द्या, उद्देश काय? आमच्या तालुक्यात अशाच एका संस्थेचे लोक टॅब घेऊन थेट जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात आले होते, 'मूल्यशिक्षण' म्हणून. पूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, हे घटनेचं कलम २८ सांगतं. अनुदानित शाळेतसुद्धा अल्पवयीन मुलाच्या पालकाची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयानंही १९७७ मध्ये स्टेनिस्लॉस खटल्यात सांगितलं की धर्माचा प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आणि हे येतात कुणाकडं? सात वर्षांच्या पोराकडं, ज्याला टॅबमधला गेम आणि टॅबमधला देव यातला फरक कळत नाही.

सोयाबीनचं पोतं, औसा :

कोरडवाहू भाऊ, मग आमच्या सप्त्याचं काय करायचं? सात वर्षाचं लेकरू टाळ घिऊन हुभं ऱ्हातंय तवा त्याला कुणी इचारतंय व्हय, तुला काय कळायलंय म्हणून? माझ्या बापानं मला पारायणाला बसिवलं, ह्यांच्या बापानं ह्यांला चर्चात नेलं. लेकराला धरम बापच देत असतो. हां, शाळंत नको, तिथं तुमचं खरं हाय.

हिशेबाचं म्हणताल तर आमच्याकडं काल्याच्या दिशी माईकवर वाचतेत. कुणी किती पोते गहू देले, आचाऱ्याला किती, मांडववाल्याला किती, शिल्लक किती. त्याबिगर पंगत बसत नाय. पडदा लावायला येतंय ना त्यो माणूस, त्याला म्हणावं कार्टून झाल्यावर हे बी वाच.

कोरडवाहू, परभणी :

बापानं देणं वेगळं आणि तिसऱ्यानं परदेशी पैशावर येऊन देणं वेगळं. बाकी माईकची कल्पना आवडली.

गोदाकाठ, नांदेड :

परदेशी म्हणून संशय का? या संस्थेचं मूळ अमेरिकेत आहे असं ऐकलंय. तिकडं हिशेब कडक असतात.

डेबिट आधी, छ. संभाजीनगर :

असतात आणि नसतातही. तिथं करमुक्त संस्थेला फॉर्म ९९० भरावा लागतो, त्यात बड्या अधिकाऱ्यांचे पगारसुद्धा असतात, आणि तो कुणीही मागू शकतो. पण चर्चला तो माफ. मुलांसाठी १९८७ पासून रेडिओ मालिका करणाऱ्या फोकस ऑन द फॅमिलीनं करापुरता 'चर्च'चा दर्जा घेतला, म्हणजे ९९० ची सक्ती संपली. बेकायदा काही नाही, पण दार बंद झालं. भारतातल्या कामासाठी देणग्या गोळा करणाऱ्या गॉस्पेल फॉर एशियाचं माहीत असेलच. ख्रिस्ती संस्थांच्या आर्थिक शिस्तीवर नजर ठेवणाऱ्या ईसीएफएनं २०१५ मध्ये तिचं सदस्यत्व रद्द केलं. देणगीदार कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये ३.७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. संस्थेनं गैरप्रकार मान्य केला नाही, हेही सांगतो. पण ते देणगीदारही तुमच्यासारखेच भाविक होते.

संडे स्कूलची बाई, अंबड :

इतका वेळ नुसतं वाचत होते. यातलं कुणी रविवारी सकाळी तीस-पस्तीस पोरं एका खोलीत सांभाळलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडं असे टॅब आले होते. दावीदाचं कार्टून लावलं. गोफणीचा प्रसंग आला आणि मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "बाई, आसं फिरवलं तर धोंडा मागं जातोय!" ज्वारीच्या माळ्यावर बसून पाखरं हाकलणारं पोरगं ते. त्यानं उठून खांद्यावरच्या टॉवेलानं करून दाखवलं, दोरी कुठं सोडायची ते. त्या दिवशीचा धडा त्यानं शिकवला, कार्टूननं नाही. भाषाही तशीच, पुस्तकात वाळवून ठेवलेली. पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यांच्या मागं १९२४ साली ते पूर्ण छापून निघालं. साध्या बाईला वाचून कळावं हा त्यांचा हट्ट होता. इथं एवढा खर्च करून पोरांच्या तोंडची भाषा येत नाही? अमेरिकेच्या क्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्कनं १९८१ साली बायबलच्या गोष्टींची कार्टून मालिका जपानच्या तात्सुनोको स्टुडिओकडून करून घेतली. पैसा अमेरिकेचा, हात जपानी. मग आवाज तरी अंबडचे घ्या की.

फोटोंचं कुणी बोललं नाही. त्यांना प्रत्येक लेकराचा फोटो नावासकट हवा होता, देणगीदारांना पाठवायला. आयांनी नकार दिला. कारण उघड आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. आमच्याकडं शेजारच्या पोरांबरोबर नुसती गाण्यांसाठी येणारी लेकरंही आहेत. उद्या 'संडे स्कूलचा विद्यार्थी' म्हणून फोटो कुठंतरी छापून आला आणि जातीच्या दाखल्याच्या वेळी कुणी पुढं केला तर? मी फोटो दिले नाहीत. त्यानंतर दुरुस्तीला नेलेले आमचे टॅब अजून परत आलेले नाहीत.

एवढं होऊनही कॅशियर काका, तुमचं मला पटत नाही. 'पोहोचलं काय आणि कुणाला' असं तुम्ही विचारलंत ना? मागच्या हंगामात आमची एक मुलगी आईबापाबरोबर कारखान्यावर होती. चौथीतली. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत बसून बापाच्या फोनवर तिनं रूथची गोष्ट बघितली, ह्याच संस्थेची, मीच पाठवली होती. रात्री मला तिचा आवाज आला, मागं कुत्री भुंकतायत. "बाई, रूथ बी सरवा येचायची. माझी आजी येचती तसाच." बायबलमध्ये शब्द 'सरवा'च आहे. कार्टूनमध्ये 'उरलेलं धान्य' म्हणालेत. शब्द तिनं स्वतःचा घातला आणि तो बरोबर निघाला.

ही मुलगी त्यांच्या कुठल्याच आकड्यात नाही. तुमच्या कपाटातल्या टॅबच्या हिशेबातही नाही. तुम्ही 'आत्ता नाही' म्हणाल, मंडळीतले बाकीचे तुमच्याकडं बघून नाही म्हणतील, आणि पुढच्या गोष्टी मराठीत यायच्याच थांबतील.

कोरडवाहू, परभणी :

बाई, तुमच्या मुलीबद्दल काही म्हणणं नाही. पण तिला गोष्ट तुम्ही पाठवलीत, तिच्या आईबापाच्या ओळखीच्या बाईनं. संस्थेनं नाही. माझा मुद्दा तोच होता.

डेबिट आधी, छ. संभाजीनगर :

मग संस्थेला दोनच प्रश्न लिहून पाठवा. हजेरी नोव्हेंबर ते मार्चची द्या, आणि मराठी आवाजासाठी किती रुपये कुणाला दिले ते वेगळ्या ओळीत दाखवा. उत्तर आलं तर फॉर्म भरा.

जुना कॅशियर, जालना :

पत्र आज टाकलं, पोचपावतीसह. तिसरा प्रश्न फोटोंचा घातलाय. उत्तर येईपर्यंत फॉर्म माझ्या बायबलमध्येच राहील.

बाई, सरव्याचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. माझी आईही वेचायची. त्या मुलीच्या बापाच्या फोनचा रिचार्ज किती दिवसांनी संपतो?

संडे स्कूलची बाई, अंबड :

२८ दिवसांनी. पण काका, माझ्याकडं पावतीबुक नाही.

जुना कॅशियर, जालना :

वहीत लिहा. तारीख घाला.