कादंबरीतलं खरं समजून बसलात असं झालंय कधी? किस्से येऊ द्या

निवांत_बाई:
काल कपाट आवरताना ती पॅरिसच्या म्युझियममधल्या खुनाची जाडजूड कादंबरी, डॅन ब्राउनची 'द दा विंची कोड', हाताला लागली आणि घरात एकटी असूनही कानशिलं तापली. कॉलेजात दोन रात्रीत संपवलेली, आणि मग पुढची दहा वर्षं भेटेल त्याला प्रायरी ऑफ सायन ही 1099 पासूनची गुप्त संघटना कशी ते तावातावाने सांगत सुटलेले. सुरुवातीलाच 'फॅक्ट' म्हणून छापलंय हो! मग एकदा चारचौघांत इतिहास शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "1956 ला नोंदणी झालेली, तीच ना?" प्लांतार नावाच्या माणसाने काढली म्हणे, आणि जुनी वाटतील अशी बनावट कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सरकवून दिली. म्हणजे लेखकाच्या आधीच कुणीतरी कादंबरी रचून ठेवलेली. तुमचेही पचके सांगा, मला जरा बरं वाटेल.

तिरपागडा:
त्याच म्युझियमसमोरच्या काचेच्या पिरॅमिडला 666 काचा!! मी फोटोवर पेन्सिलीने मोजायला बसलेलो, शंभरच्या पुढे दर वेळी चुकायचं. 673 आहेत.

निवांत_बाई:
@तिरपागडा सात कमी असत्या तर सैतानाचं काम झालं असतं की 😂

झोपमोड:
त्याच लेखकाची ती व्हॅटिकनवाली, 'एंजल्स अँड डेमन्स'. गॅलिलिओ इल्युमिनाटी या गुप्त संघटनेत होता हे मी वक्तृत्व स्पर्धेत ठोकून दिलं, बक्षीसपण मिळालं. गॅलिलिओ 1642 ला गेला, इल्युमिनाटी 1776 ला बव्हेरियात निघाली आणि दहा वर्षांच्या आत बंदी येऊन आटोपली. परीक्षकांनीपण तेच पुस्तक वाचलेलं असणार.

तिरपागडा:
मरणोत्तर सभासदत्व

सध्या_बिझी:
घाईत लिहितेय, मशीन लागलंय. त्या व्हॅटिकनवालीतच पाव ग्रॅम अँटीमॅटरचा (साध्या पदार्थाला भिडला की दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा सुटते तो) बॉम्ब आहे ना, सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेने आजवर बनवलेलं सगळं एकत्र केलं तरी एक दिवा काही मिनिटं पेटेल एवढीच ऊर्जा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो मग गोष्टीत मजा काय राहिली. बरोबरे त्याचं पण.

रिकामटेकडा:
माझं उलटं. समुद्रतळाशी खनिजं शोधतोय असं भासवून अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए बुडालेली रशियन पाणबुडी वर काढते, हे वाचून पुस्तक फेकलं, म्हटलं काहीही! आणि ते खरं निघालं. 1968 ला बुडलेली, 1974 ला गेले काढायला, जवळजवळ पाच किलोमीटर खोल. वर येताना तुटली, थोडाच भाग हाती लागला. लेखकाने हे रचलं असतं तर संपादकानेच छाटलं असतं.

चष्मा_कुठाय:
फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल, त्याच्या हत्येच्या कटावरची 'द डे ऑफ द जॅकल' वाचलीय का कुणी? माणूस 1970 ला घरीच वारला हे माहीत असूनही शेवटी माझ्या तळव्यांना घाम. सुरुवातीचा 1962 चा गाडीवरचा गोळीबार खरा आहे, तो इतका कोरडा लिहिलाय की त्याच सुरात पुढचं खोटं सरकतं ते कळतच नाही. हातचलाखी सगळी.

सावली:
हसू येतंय वाचून पण आमच्या घरात हे फार हसण्यासारखं राहिलं नाही. काकांना हीच पुस्तकं आवडायची. मग त्यांना 1962 चा तो नॉर्थवुड्सचा कागद सापडला, अमेरिकन सेनाधिकाऱ्यांनी खोटे हल्ले घडवून क्यूबावर आळ घ्यायचा प्रस्ताव दिलेला, तो खरा आहे. पण तो फेटाळला गेला हे काका सांगतच नाहीत. आता प्रत्येक बातमीला "हे पण तसंच". डॉक्टरांवरही विश्वास नाही.

निवांत_बाई:
@सावली अगं. वाद घालत बसू नकोस, मी घालून बघितलाय दुसऱ्या एकांशी, आणखी घट्ट होतात. व्यनि करते रात्री.

रिकामटेकडा:
+1

अर्धा_डझन:
विषय सोडून विचारतो, सॉरी. चष्मा_कुठाय, ती द गॉलवाली माझ्याकडे वाचनालयाची होती आणि शेवटची आठ पानं फाटलेली. तो मारेकरी नेमका कोण होता?

चष्मा_कुठाय:
आठही पानं असती तरी कळलं नसतं 😄

अर्धा_डझन:
म्हणजे??