मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग जुने की नवे ओतीव?

फणसवाडी:
घरात भिंतीवर एक ठासणीची बंदूक आहे. नळी 99 सेंमी, तोंडाशी आतला व्यास 16.7 मिमी, आतून गुळगुळीत. नळी लाकडाला धरून ठेवणारे तीन लोखंडी पट्टे शाबूत आहेत. लॉक प्लेटवर (घोडा जिच्यावर बसतो ती बाजूची लोखंडी पट्टी) मागे मुकुट आणि त्याखाली व्ही आर, पुढे टॉवर आणि 1862 ही अक्षरं. घोडा (वरून आपटणारा हॅमर), दस्त्याची पितळी बट प्लेट आणि ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची पितळी कमान) हे तीन भाग नाहीत.

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात तिन्ही मिळताहेत. दुकानदार 'ब्रिटिश टाइमचा ओरिजिनल माल' म्हणतो आणि भावही तसाच लावतो. हाताळू देतो, फोटोही काढू देतो. बंदूक उडवायची नाही, भिंतीवर पूर्ण दिसावी एवढीच इच्छा. दुकानात उभ्या उभ्या काय तपासावं आणि सोबत काय न्यावं?

कानस:
वर्णनावरून ही 1853 च्या एन्फिल्डच्या, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या ठासणीच्या रायफलीच्या घराण्यातली दिसते. मूळ एन्फिल्ड .577 इंची, म्हणजे साधारण 14.7 मिमी, आणि आतून आटे पाडलेली. 1857 नंतर देशी पलटणींना बाहेरून तशाच दिसणाऱ्या, पण गुळगुळीत नळीच्या .656 इंची बंदुका दिल्या गेल्या. तुमचं 16.7 त्याला जुळतं. त्यामुळे एन्फिल्डचेच भाग शोधताय ते बरोबर आहे.

सोबत दहापट भिंग, छोटं लोहचुंबक, व्हर्नियर, पिच गेज (स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्ट्या, नागदेवी स्ट्रीटला कुठेही मिळतील), कापूस आणि ॲसिटोन न्या. आणि बट प्लेटच्या जागेचं माप कागदावर उतरवून न्या, ते सगळ्यात महत्त्वाचं.

कारण सांगतो. नवी बट प्लेट बहुतेकदा जुन्या प्लेटवरूनच साचा करून ओततात. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. 12 सेंमीच्या तुकड्यात जवळजवळ 2 मिमी गेले, शिवाय घासूनपुसून वर आणखी थोडे. भोकंही त्याच प्रमाणात एकमेकांजवळ सरकतात. दुसरीकडे दीडशे वर्षांत लाकूड आडव्या अंगाने आकसलेलं असतं, म्हणून मूळ प्लेट लाकडाच्या कडेबाहेर केसभर डोकावते. प्लेट लाकडाच्या आत राहत असेल आणि कडेने लाकूड उघडं दिसत असेल, तर ती जुन्या प्लेटवरून ओतलेली नक्कल समजा.

पितळ ओतीव आहे म्हणून नाकारू नका, मूळ प्लेटही ओतीवच असायची. फरक आतल्या बाजूला सापडतो. मूळ भागाची बाहेरची बाजू कानशीने साफ केलेली आणि आतली खडबडीत सोडलेली, पण त्या खडबडीवर जुना काळपट थर असतो. नव्यात आतून वाळूचे ताजे, चकचकीत दाणे दिसतात, नाहीतर आतबाहेर सगळीकडे सारखंच बफ मारलेलं.

ठशांकडे भिंगातून बघा. ठप्पा हातोड्याने मारलेला असेल तर अक्षराची कड धारदार असते, कडेला धातू किंचित वर आलेला असतो, आणि एक बाजू खोल तर दुसरी उथळ असं होतं. साच्यातून आलेलं अक्षर साबणाच्या वडीवरच्या नावासारखं असतं: सगळीकडे सारखं खोल, कडा गोल, तळ दाणेदार.

घोडा मूळचा घडीव लोखंडाचा. नवा बहुधा ओतीव पोलादाचा, आणि त्याच्या पाठीवर मधोमध साच्याच्या सांध्याची रेघ राहते. कानशीने घालवली तरी अंगठ्याच्या खाचांमध्ये ती सापडतेच, तिथे कानस पोचत नाही. ओतीव तुकड्यावरचे खड्डे बारीक, गोल असतात. गंजाने पडलेले खड्डे वेडेवाकडे, कडा खाल्लेल्या.

स्क्रूला पिच गेज लावा. आटे 0.8 मिमीवर चपखल बसले आणि व्यास 5 मिमी निघाला, तर तो आजचा एम 5. 1862 चा इंग्रजी स्क्रू मेट्रिक नसतो. मात्र स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, तेव्हा एकट्या स्क्रूवरून निकाल देऊ नका.

जुनापुराणा:
कानस यांच्याशी सहमत. गंजाबद्दल थोडी भर. मुंबईत गंज म्हणजे वयाचा पुरावा नव्हे, नवं लोखंड एक पावसाळा गच्चीवर ठेवलं तरी नारिंगी होतं. जुना गंज गडद तपकिरी-काळा, घट्ट, नखाने न निघणारा असतो. पितळावर अमोनियाची वाफ देऊन काळेपणा आणतात, तो सगळीकडे एकसारखा येतो. हातात वागवलेल्या पितळाच्या कडा झिजून उजळ झालेल्या असतात आणि काळं फक्त खोबणीत साठतं. ॲसिटोनच्या कापसावर तपकिरी रंग उतरला, तर तो बुटाचं पॉलिश किंवा रंग आहे. दुकानदाराला विचारून, आतल्या बाजूलाच लावा.

मूळ भाग मिळाला तर घरी आणून चिंच किंवा पितळ घासायची पावडर लावू नका. एका दुपारी सगळा राप, म्हणजे वयाने आलेला काळपट थर, जाईल आणि मग खरा भागही नकली दिसेल.

एक अपवाद. देवनागरी आकडे दिसले म्हणून लगेच 'लोकल' म्हणू नका. नेपाळच्या शस्त्रशाळांत एन्फिल्डच्या धर्तीवर बंदुका बनत आणि त्यांवर देवनागरी ठसे असत. त्या जुन्याच, फक्त ब्रिटिश नव्हेत. उलट इंग्रजी अक्षरं उलटी-सुलटी किंवा स्पेलिंग चुकलेलं असेल, तर खैबर खिंडीकडच्या कारागिरांचं काम असण्याची शक्यता जास्त.

परवाना:
खरेदीच्या गप्पा चालल्यात, पण आधी कायदा बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्रं' या व्याख्येत सुटे भागही येतात. कलम 45(सी) मधली सूट जुन्या धाटणीच्या, पुरातन किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. 45(डी) किरकोळ भागांना सूट देतं, तेही पूरक भागांबरोबर वापरायचे नसतील तर. आता बघा: बट प्लेट ही सजावट म्हणता येईल, घोडा मात्र बार उडवणारी यंत्रणा पूर्ण करतो. लॉकमधली (बार उडवणाऱ्या यंत्रणेतली) स्प्रिंग शाबूत असेल तर घोडा बसवून तुम्ही स्वतःच बंदूक सुटीबाहेर ढकलाल. मुंबईत परवाना अधिकारी पोलीस आयुक्त. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या आयुक्तालयात फोटोंसह लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत घोडा घेऊ नका. वस्तू शंभर वर्षांवरची असल्याने 1972 चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवायचा विचारही नको.

कानस:
परवाना यांचं बरोबर आहे. आणि हात लावण्याआधी बंदूक भरलेली नाही ना, ते बघा. भिंतीवरच्या जुन्या बंदुकांत बार तसाच राहिलेला असतो. तोंडासमोर कोणी नको, तुम्हीही नको. लाकडी काठी हळूच तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग काठी बाहेरून नळीला लावून बघा. टोक साधारण निपलच्या (घोडा जिच्यावर आपटतो ती मागची छोटी नळी) जागेपर्यंत यायला हवं. चार-पाच सेंमी अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग ड्रिल नाही, वेल्डिंग नाही, उष्णता नाही. पाणी ओतलं म्हणजे निर्धोक झालं असंही नाही, काळी दारू वाळली की पुन्हा पेटते. पोलिसांना कळवून परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्या.

फणसवाडी:
सगळ्यांचे आभार. काठी निपलपर्यंत गेली, नळी रिकामी आहे. दुकानात बघून आलो. बट प्लेट: चुंबक चिकटत नाही, मुकुटाच्या ठशाच्या कडा गोल, कागदावरच्या मापापेक्षा लांबीत 2 मिमी कमी. घोडा: अंगठ्याच्या खाचांत बारीक रेघ आहे. ट्रिगर गार्ड: आतून कानशीच्या तिरक्या खुणा, एका टोकाला हाताने पाडलेल्या तीन रेघा, कडा उजळ. भोकं मात्र माझ्या लाकडाला जुळत नाहीत, दीड मिमीचा फरक आहे. स्क्रू एम 5.

कानस:
बट प्लेट आणि घोडा नवे. चुंबकाने फक्त पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड पकडलं जातं, नवं पितळ नाही. घोड्याचा विचार तसाही सोडलेला बरा.

गार्ड बहुधा खरा. तीन रेघा म्हणजे जुळणीची खूण: हाताने बसवलेल्या एका बंदुकीच्या सगळ्या भागांवर कारागीर सारखी खूण करत. लॉकच्या आतल्या बाजूला आणि स्क्रूंच्या बुडाशी तुमच्याकडे किती रेघा आहेत ते बघा. तीन नसणार, कारण भोकं जुळत नाहीत तेव्हा हा दुसऱ्या बंदुकीचा गार्ड आहे. लेखी उत्तरात हरकत नसेल तर घ्या, पण सुट्या भागाच्या भावात, 'मॅचिंग'च्या, म्हणजे त्याच बंदुकीच्या मूळ भागाच्या, नव्हे. स्क्रू त्याला परत द्या. जुन्या लाकडात नवी भोकं मात्र पाडू नका. गार्डच्या जागी खाच आहेच, त्यात तो नुसता बसवून मागून सुती दोऱ्याने बांधला तरी भिंतीवर पूर्ण दिसतो.

फणसवाडी:
लॉकच्या आत दोन रेघा निघाल्या. पत्र तयार करतोय.