मदत हवी आहे: सकाळचे साडेसहा आणि संध्याकाळचे पाच लिटर मिळून ६.५५ कसे काय?

करवीरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, पायथन शिकायला लागून दीड महिना झालाय. आमचे आबा गावातल्या दूध संस्थेत सचिव आहेत. दर दहा दिवसाला सभासदांची बिलं काढायची म्हटलं की रात्री जेवणं झाल्यावर वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, आणि "तू कॉम्प्युटर शिकतोस न्हवं?" म्हणून मला टोमणा बसतो. म्हटलं एकदा करूनच दाखवू.

लॅपटॉप नाही, मोबाइलवरच चालवतो. व्हेरिएबलची नावं खरंच मराठीत ठेवलीत, पायथन ३ ते चालवून घेतं. बाकीचे शब्द आणि आकडे कोडात इंग्रजीच आहेत, इथं वाचायला बरं म्हणून मराठीत उतरवलेत.

सकाळ = इनपुट("सकाळचे लिटर: ")
संध्याकाळ = इनपुट("संध्याकाळचे लिटर: ")
दर = ५०
एकूण = सकाळ + संध्याकाळ
प्रिंट(एकूण)
प्रिंट(एकूण * दर)

६.५ आणि ५ घातले. उत्तर ६.५५. मला वाटलं पॉइंट बिइंट आलाय म्हणजे बरोबरच असणार. आबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "साडेसहा आणि पाच साडेअकरा होतात रे. असली बिलं दिली तर सभासद संस्थेला कुलूप लावतील." आणि त्याच्या खाली तर ६.५५६.५५६.५५ अशी स्क्रीनभर रांग.

दर ५२.५ करून बघितला. रांग गेली, पण टाइपएरर आला: कान्ट मल्टिप्लाय सीक्वेन्स बाय नॉन-इंट ऑफ टाइप फ्लोट. ज्या व्हिडिओवरनं शिकतोय त्यात सरांचं अगदी असंच लिहिलेलं चालतंय. फक्त त्यांच्या प्रिंटला कंस नव्हते, ते मी घातले. काय चुकतंय? परवा बिलं आहेत.

कळंबा_कट्टा

तुझं चुकलेलं नाही भावा, व्हिडिओ शिळा आहे. प्रिंटला कंस नाहीत म्हणजे तो पायथन २. त्यात इनपुट तू टाकलेलं थेट हिशोबाला घ्यायचं, ६.५ टाकलं की आकडाच मिळायचा. पायथन ३ आलं २००८ ला आणि तेव्हापासून इनपुट जे देतं ते कायम मजकूर असतं, म्हणजे स्ट्रिंग. तू ६.५ टाक नाहीतर "तांबडा-पांढरा" टाक, त्याला दोन्ही सारखंच. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० ला बंद झाला, व्हिडिओ मात्र अजून फिरतायत.

आता रांगेचं सांगतो. + चं काम काय हे दोन्ही बाजूला काय आहे त्यावर ठरतं. आकडे असतील तर बेरीज, मजकूर असेल तर नुसतं एकाला एक चिकटवणं. "६.५" ला "५" चिकटवला, झालं "६.५५". तुझं नशीब वाईट एवढ्यासाठी की ते दिसायला आकड्यासारखंच दिसतं. ६ आणि ५ टाकले असतेस तर ६५ आले असते आणि तुला लगेच कळलं असतं. * चं पण तसंच, मजकूर गुणिले ५० म्हणजे तो मजकूर ५० वेळा. साडेबावन्न वेळा कसा छापायचा? म्हणून ५२.५ ला तो एरर.

शंका आली की प्रिंट(टाइप(सकाळ)) करून बघायचं. स्ट्र आलं तर मजकूर, इंट आलं तर पूर्ण आकडा, फ्लोट आलं तर पॉइंटवाला.

कोथरूड_स्क्रिप्ट

दादांनी कारण छान सांगितलं. उपाय सोपा आहे, इनपुटभोवती इंट() घाला.

करवीरचा_पोरगा

इंट घातलं तर व्हॅल्यूएरर आला, इनव्हॅलिड लिटरल म्हणून. मग एका ठिकाणी वाचून इंट(फ्लोट(सकाळ)) केलं आणि चाललं! ११ आलं.

कळंबा_कट्टा

अरे थांब थांब. ११ कसं चाललं? अर्धा लिटर कुणाच्या म्हशीनं प्यायला? इंट() ला "६.५" असा मजकूर दिला की त्याला वाचताच येत नाही, म्हणून एरर. आधी फ्लोट करून दिलास तर तो पॉइंटनंतरचं सगळं कापतो. जवळच्या आकड्याला नेत नाही, सरळ कापतो. ६.९ चे पण ६ च. एररपेक्षा हे वाईट, एरर निदान बोंब तरी मारतो.

सकाळ = फ्लोट(इनपुट("सकाळचे लिटर: "))

एवढंच कर, दोन्हीकडे.

आणि सभासद नंबर मात्र फ्लोट, इंट काही करू नको. ०१२ चा १२ होऊन बसेल. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नुसता दिसायला आकडा, त्याला मजकूरच राहू दे. याच्या उलट, सगळ्यात जास्त दूध कुणाचं हे काढायला गेलास आणि लिटर मजकूरच राहिले, तर "१२" पेक्षा "९" मोठा ठरेल. तो पहिलं अक्षर बघतो, १ आणि ९.

कोथरूड, दादा नव्हे, ताई. कोल्हापूरची आहे, "सांगतो-करतो"च म्हणणार.

कोथरूड_स्क्रिप्ट

माफ करा ताई. इंटचंही माझंच चुकलं, लिटर पॉइंटमध्ये असतात हे डोक्यात आलं नाही.

करवीरचा_पोरगा

ताई, फ्लोटनं ११.५ आलं, आबा खूश. मग मी शहाणपणा करून सगळं एका ओळीत घेतलं, सकाळ + संध्याकाळ * दर, तर २५६.५ रुपये आले. ५७५ पाहिजेत.

कळंबा_कट्टा

कंस. गुणाकार आधी होतो, शाळेतलंच. नुसत्या संध्याकाळच्या दुधाचे २५० झाले आणि त्यात सकाळचे साडेसहा *लिटर* मिळवलेस. (सकाळ + संध्याकाळ) * दर.

जुना_फॉक्सप्रो

मी एके काळी पतसंस्थांची कामं फॉक्सप्रोत (जुनी डेटाबेसची भाषा) केली आहेत, म्हणून एक सावधगिरी. सकाळी १.१ आणि संध्याकाळी २.२ घालून बघा. ३.३ येणार नाही, ३.३००००००००००००००३ येईल. पायथनचा दोष नाही. यंत्र आत अर्धा, पाव, अष्टमांश असे दोनाने भागत जाणारे अपूर्णांक ठेवतं आणि एक दशांश त्यात नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात कधी संपत नाही.

दाखवताना राउंड() करून भागतं. पण पैशाच्या हिशोबात मध्येच इंट() केलंत तर फसाल. इंट(४.३५ * १००) करा, ४३५ पैसे हवेत, ४३४ मिळतील, कारण गुणाकार ४३४.९९९ असा काहीतरी येतो आणि ताईंनी सांगितलं तसं इंट कापतो. बिलासाठी डेसिमल (दशांश आकडा जसाच्या तसा ठेवणारा पायथनचा प्रकार) वापरा, आणि त्याला आकडा मजकूर म्हणूनच द्या: डेसिमल("४.३५"). फ्लोट करून दिलात तर फ्लोटची घाणही आत येते. म्हणजे इनपुटचा मजकूर इथं आयता कामाला आला.

राउंड(२.५) सुद्धा करून बघा. ३ नाही, २ येतं. बरोबर मध्यावरचा आकडा तो जवळच्या सम संख्येला नेतो. सभासदांना हे समजावत बसू नका.

करवीरचा_पोरगा

काका, डेसिमल केलं. कॅनचं पण जमवलं, एक कॅन ४० लिटरचा. संकलन १३० लिटर झालं तर १३० // ४० म्हणजे ३ कॅन भरले, १३० % ४० म्हणजे १० लिटर उरलं. हे दोन ऑपरेटर मला लई आवडले.

पण आता नवीनच. आबा मोबाइलवर मराठी कीबोर्डनं आकडे टाकतात. मला वाटलं एरर येणार, तर ५ टाकलं ते चाललं! आणि मग पुढच्या सभासदाला त्यांनी वहीतल्यासारखं ६॥ टाकलं आणि प्रोग्राम झोपला.

कळंबा_कट्टा

मराठी अंक इंट, फ्लोट, डेसिमल तिघंही वाचतात. फक्त कोडात दर लिहिताना मराठी ५० लिहू नको, तिथं सिंटॅक्स एरर येतो. आणि मराठी "१२" इंग्रजी बाराशी == नं ताडून बघितलास तर खोटं येईल, म्हणून सभासद नंबर एकाच लिपीत घे.

६॥ ला साडेसहा म्हणतात हे पायथनच्या बापाला माहीत नाही. आबांना बदलायला सांगू नको, तूच शिकव त्याला:

जर मजकूर.एंड्सविथ("॥"):
    लिटर = डेसिमल(मजकूर[:-१]) + डेसिमल("०.५")
नाहीतर:
    लिटर = डेसिमल(मजकूर)

शेवटचं चिन्ह काढून उरलेल्याचा आकडा, वर अर्धा.

करवीरचा_पोरगा

चाललं ताई! ६॥ ला ६.५ आलं. आबा शेजारच्या काकांना बोलावून दाखवतायत.

आता काका विचारतायत, पावणेसातला ६॥। टाकलं तर का झोपतोय?