मदत हवी आहे: 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मधलं जोड (Joad) कुटुंब शेवटी एकत्र राहतं की फुटतं?

नमस्कार मंडळी, स्थलांतरित शेतमजुरांच्या कुटुंबांवर निबंध लिहितेय, त्यासाठी अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची ही १९३९ ची कादंबरी घेतलीय आणि एका मुद्द्यावर पार अडकलेय.

ओक्लाहोमातली जमीन गेल्यावर जोड कुटुंब जुन्या ट्रकमधून रूट ६६ या महामार्गाने कॅलिफोर्नियाला निघतं, वाटेत आजोबा वारतात, मग आजी, थोरला मुलगा नोआ नदीकाठी वेगळा होतो, जावई कॉनी गरोदर बायकोला, रोझ ऑफ शॅरनला, सोडून पळतो आणि शेवटी दुसरा मुलगा टॉमलाही लपत निघून जावं लागतं. म्हणजे कुटुंब फुटतच जातं ना? पण मा जोड, म्हणजे या मुलांची आई, बघा, गाडी बिघडल्यावर पुरुष म्हणतात दोन गट करूया तर ती सरळ जॅकचा दांडा हातात घेऊन उभी राहते, आणि वाळवंट पार होईपर्यंत रात्रभर मेलेल्या आजीशेजारी पडून राहते, कुणाला कळू देत नाही. तो भाग वाचून मी पुस्तक मिटूनच ठेवलं होतं.

पीच तोडायचे पेटीला पाच सेंट, तेही पुढे अडीचवर येतात, अशात माणसं एकमेकांना धरून राहतात ती मायेपोटी की दुसरा इलाजच नसतो म्हणून?

मला वाटतं घर फुटत नाही, मोठं होतं, वाटेत भेटलेले विल्सन नवरा-बायको सोबत येतात तिथूनच, आणि शेवटी रोझ ऑफ शॅरन उपाशी परक्या माणसाला स्वतःचं दूध पाजते तिथे तर पूर्णच. हे पटण्यासारखं मांडता येईल का? कुठली प्रकरणं परत वाचू? कुणी अभ्यास केला असेल तर प्लीज सांगा.