मदत हवी आहे – व्हॅलेटा, माल्टा: क्रूझच्या थांब्यावर मिळणारे सहा तास कसे वापरू?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जातेय. त्यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा थांबा म्हणजे माल्टाची राजधानी व्हॅलेटा, आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार, आणि साडेचारला सगळ्यांनी परत जहाजावर हजर हवं. उतरतानाची गर्दी आणि परतीसाठी राखून ठेवायचा वेळ वजा केला तर हातात साधारण सहा तास उरतात. वार गुरुवार आहे.

आमच्या तिघांच्या तीन तऱ्हा. मला सेंट जॉनच्या कॅथीड्रलमधलं इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जोचं चित्र बघायचंय. कॉलेजात असताना त्याचा फोटो पाहिला होता, तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. बाबांनी सगळी नोकरी गोदीत केली. दुसऱ्या महायुद्धातली आरमारी लढाई म्हटलं की ते तासन्‌तास बोलतात, त्यामुळे माल्टाचं नाव काढल्यापासून ते नकाशे घेऊन बसलेत. आईला गर्दी नको, घाई नको, एखादी छान जागा बघून निवांत बसता आलं की ती खूश. तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती भरपूर चालते, पण पायऱ्या आणि चढ आला की हाल होतात. आणि व्हॅलेटाचे जे जे फोटो पाहिले त्यात पायऱ्यांचे रस्ते दिसतातच!

जहाजाची सहल घेतली तर बसने इम्दिना हे जुनं शहर आणि व्हॅलेटाची धावती फेरी असं दोन्ही दाखवतात, पण कॅथीड्रलला त्यात पाऊण तासच आहे. ती सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं? इम्दिना सोडलं तर चुकल्यासारखं वाटेल का? धक्क्यावरून वर शहरात चढायला आईला झेपेल असा काही मार्ग आहे का? बाबांना एकच ठिकाण दाखवायचं तर कोणतं? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, तिच्या पोटापाण्याचं काय?

एवढ्या लांब परत जाणं होईल असं वाटत नाही, म्हणून जरा बारकाईने विचारतेय. जाणकारांनी कृपया सांगावं.

– नीलरेषा

दर्यासारंग:

इम्दिना सोडा. गाव सुंदर आहे, पण सहा तासांत दोन्ही करायला गेलात तर एक ना धड भाराभर चिंध्या. जाण्यायेण्यातच दीड तास मोडेल आणि उरलेल्यात कुठेच मन लागणार नाही. व्हॅलेटा हे शहर चालत बघण्याएवढंच आहे. अख्खं जुनं शहर एका चिंचोळ्या भूशिरावर बसलंय, क्षेत्रफळ जेमतेम ५५ हेक्टर, आणि तेवढ्यात ३२० ऐतिहासिक वास्तू. १९८०पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बसमध्ये बसून काचेतून बघण्याची ही जागा नव्हे.

आता आईंच्या गुडघ्यांचं. धक्क्यावर उतरलात की समोर रंगीत दारांची जुनी गोदामांची रांग दिसेल, ती १७५२ सालची, ग्रँड मास्टर पिंटोने बांधलेली (ग्रँड मास्टर म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट्सचा, ख्रिस्ती लढवय्यांच्या संघटनेचा, प्रमुख). ती बघत बघत पाण्याच्या कडेने सपाटीवरून दहा-पंधरा मिनिटं चालायचं की बराक्का लिफ्ट येते. तटबंदीला लागून उभी आहे, ५८ मीटर उंच, अर्ध्या मिनिटाच्या आत तुम्हाला थेट अप्पर बराक्का बागेत नेऊन सोडते. १९०५ साली तिथे पहिली लिफ्ट होती, ती पुढे बंद पडून पाडली गेली. आताची २०१२ची. थोडं तिकीट असतं, ते द्या आणि सगळा चढ वाचवा. टॅक्सीची गरजच नाही.

वर पोचल्यावरचं गुपित असं की शहराचा मुख्य रस्ता, रिपब्लिक स्ट्रीट, डोंगराच्या माथ्यावरून जातो. बागेपासून कॅथीड्रलपर्यंतचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे. पायऱ्यांचे रस्ते त्याला आडवे फुटतात आणि दोन्ही बाजूंनी समुद्राकडे उतरतात. आईंनी ते वरूनच बघावेत. निळ्या-हिरव्या-तांबड्या लाकडी बंद सज्जांच्या रांगा, आणि रस्त्याच्या शेवटी पाण्याची एक उभी पट्टी. रस्ते सरळ काटकोनात आखलेले आहेत, त्यामुळे चुकायची भीती नाही.

आणि एक फुकटची गोष्ट आवर्जून करा. जहाज बंदरात शिरताना तिघंही डेकवर या, उजव्या बाजूला. व्हॅलेटाची तटबंदी त्याच बाजूला येते. आधी सेंट एल्मोचा किल्ला आणि लाटरोधक भिंत, मग एकावर एक चढत गेलेले मधाळ रंगाच्या दगडाचे बुरूज. ग्रँड हार्बरमध्ये समुद्राकडून शिरणं हे कोणत्याही सहलीपेक्षा मोठं आहे, झोपेपायी ते घालवू नका.

कुंचला:

कॅथीड्रलसाठी पाऊण तास? छे! दीड तास तरी ठेवा, आणि सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा. त्या दिवशी बंदरात अजून एखादं जहाज असेल तर साडेदहानंतर सगळे तिथेच येतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा. तुमचा गुरुवार आहे हे नशीब, रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. त्याला कारण आहे. आतली सगळी जमीन म्हणजे नाइट्सच्या समाध्या आहेत, रंगीत संगमरवरात जडवलेल्या, जवळजवळ ४००. सांगाडे, देवदूत, ढालींवरची कुळचिन्हं. आपण त्यांच्यावरूनच चालत असतो.

बाहेरून ती इमारत एखाद्या किल्ल्यासारखी रुक्ष आहे. १५७० च्या दशकात गेरोलामो कॅसारने बांधली तेव्हा आतूनही तशीच साधी होती. पुढच्या शतकात मत्तिया प्रेतीने छतावर सेंट जॉनचं आयुष्य रंगवलं आणि भिंती सोन्याने मढल्या. दारातून आत पाऊल टाकल्यावर डोळे दिपतात, पण तुम्ही आधी सरळ ओरॅटरीत, म्हणजे कॅथीड्रलच्या प्रार्थनागृहात, जा. चित्र तिथे आहे.

'सेंट जॉन द बाप्टिस्टचा शिरच्छेद', १६०८. कॅराव्हॅज्जोचं सगळ्यात मोठं चित्र, रुंदी पाच मीटरच्या वर. फोटोत त्याचा एक गुण कधीच कळत नाही, तो म्हणजे त्यातली रिकामी जागा. सगळी माणसं डावीकडे खाली एका घोळक्यात, आणि उजवीकडे जवळजवळ अर्धं चित्र म्हणजे तुरुंगाची काळी-तपकिरी भिंत आणि गजांआडून बघणारे दोन कैदी. मारेकऱ्याचं काम अजून पूर्ण झालेलं नाही, तो पाठीमागे खोचलेल्या सुरीला हात घालतोय. जॉनच्या गळ्यातून सांडलेल्या रक्तात चित्रकाराने स्वतःचं नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र.

आता त्याची कथा. रोममध्ये माणूस मारून तो पळाला होता. १६०७मध्ये माल्टाला आला, १६०८च्या जुलैत त्याला नाइट केलं, काही आठवड्यांतच मारामारीत सापडून कैदेत पडला आणि तिथूनही निसटला. डिसेंबरात नाइट्सनी त्याला संघटनेतून काढून टाकलं. ती सभा याच ओरॅटरीत भरली, याच चित्रासमोर. तुम्ही तिथे उभ्या राहाल तेव्हा हे आठवा. समोरच त्याचा 'लिहिणारा सेंट जेरोम' आहे, तोही घाईत सोडू नका.

तोफखाना:

नीलरेषाताई, तुमच्या बाबांशी माझं जमेल!

व्हॅलेटा मुळात जन्मली ती वेढ्यातून. १५६५ साली ऑटोमन आरमाराने माल्टाला वेढा दिला तेव्हा आज जिथे शहर आहे तिथे नुसता उघडा डोंगर होता. नाइट्स राहायचे समोरच्या बिर्गूत. टोकाचा सेंट एल्मोचा किल्ला महिनाभर झुंजून पडला, पण बिर्गू पडलं नाही. डोंगर मोकळा राहिल्यामुळेच त्यावरून शत्रूच्या तोफा बिर्गूवर आग ओकू शकल्या. म्हणून वेढा उठताच ग्रँड मास्टर ला व्हॅलेटने १५६६च्या मार्चमध्ये डोंगरावर नव्या शहराची पायाभरणी केली. अप्पर बराक्काच्या कठड्यापाशी उभं राहिलात की समोर सेंट अँजेलोचा किल्ला, बिर्गू आणि सेंग्लिया एका नजरेत येतात, आणि तो वेढा कसा लढला गेला ते न सांगता कळतं.

दुपारी बाराला त्याच कठड्याखालच्या सलामीच्या तोफखान्यातून तोफ उडते. पूर्वी बंदरातल्या कप्तानांनी आपली घड्याळं तिच्यावर लावायची असा तिचा उपयोग होता. वरून बघायला पैसे लागत नाहीत. पावणेबाराला कठड्यापाशी जागा धरा, आणि आईंना आवाजाची आधी कल्पना देऊन ठेवा.

महायुद्धाचं म्हणाल तर बाबांना ब्रिटिशांची 'ऑपरेशन पेडेस्टल' ही माल्टाला रसद पोचवायची मोहीम माहीत असणारच. ऑगस्ट १९४२, बेटावरचं धान्य आणि इंधन संपत आलेलं, १४ मालवाहू जहाजं निघाली आणि ५च पोचली. त्यातलं तेलवाहू 'ओहायो' दोन्ही बाजूंनी युद्धनौकांना बांधून, जवळजवळ बुडत्या अवस्थेत, १५ ऑगस्टला याच ग्रँड हार्बरमध्ये आणलं. लोक याच बुरुजांवर उभे होते. त्याआधी एप्रिलमध्ये राजा सहाव्या जॉर्जने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान दिला होता.

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. रशियाशी ताणाताणी झाली तेव्हा १८७८ साली ब्रिटिशांनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून सुवेझमार्गे माल्टाला नेले होते. या बंदरात आपली माणसं तेव्हाच येऊन गेलीत. बाबांना नक्की सांगा.

नीलरेषा:

अहाहा, किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, हिंदी सैनिकांचं ऐकून ते उठून बसले. इम्दिना रद्द. जहाजाची सहलही रद्द.

आता प्रश्न बारा वाजल्यानंतरचा. बाबांना सेंट एल्मोमधलं युद्ध संग्रहालय बघायचंय. पण ते शहराच्या पार टोकाला दिसतंय आणि तिकडे जाताना उतार, म्हणजे येताना चढ. आईला बागेत एकटीला बसवून जायला माझं मन घेत नाही. काय करू?

दर्यासारंग:

सेंट एल्मो या खेपेला नको. संग्रहालय चांगलंच आहे, पण त्याला दोन तास लागतात आणि परतताना आईंचे हाल होतील. त्यापेक्षा तोफ झाली की लिफ्टने खाली या. तिथून जवळच समोरच्या तीन शहरांकडे (बिर्गू, सेंग्लिया, बोर्म्ला) जाणारी फेरीबोट सुटते. दहा मिनिटांत बोर्म्ला. आणि बोर्म्ल्याला काय आहे? गोदी! नाइट्सच्या काळापासून इथे गलबतं बांधायचे, ब्रिटिशांनी पुढे तिथे मोठी सुकी गोदी केली. तिचा जुना भाग आता लोकांना फिरायला मोकळा आहे, कडेने सपाट दगडी फरसबंदी. तुमचे बाबा तिथे जे बघतील ते तुम्हाआम्हाला दिसणारसुद्धा नाही, त्यांना बोलू द्या.

तिथून पाण्याच्या कडेकडेने बिर्गूच्या धक्क्यावर चालत जाता येतं. सगळं सपाट, एका बाजूला होड्या, बसायला जागा. टोकाला सेंट अँजेलो, जो ब्रिटिश आरमाराचा तळ असताना 'एचएमएस सेंट अँजेलो' म्हणून ओळखला जायचा. बाबांना आत जायचं असेल तर जाऊ दे, तुम्ही दोघी खाली चहा घ्या. येताना फेरीऐवजी डायसा मिळाली तर घ्या. ती इथली पारंपरिक लाकडी होडी. चढण्याआधी भाडं मात्र ठरवा, आणि आईंना चढता-उतरताना हात द्या, कारण होडी हलते. पाणी खवळलेलं असेल तर मुकाट फेरीच बरी.

चिंचगूळ:

आईंच्या खाण्याचं: पास्तीत्सी शोधा. पदर सुटलेल्या कुरकुरीत पारीत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरलेलं असतं, दोन खाल्ल्या की पोट भरतं. काही ठिकाणी पारीत प्राण्यांची चरबी घालतात, त्यामुळे शुद्ध शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. इंग्रजी तिथली राजभाषाच आहे, विचारायला अडचण नाही. मन साशंक असेल तर फळं आणि जहाजावरचा कोरडा खाऊ बरोबर ठेवा. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. त्या पिवळ्या दगडावरून ऊन परत अंगावर येतं.

गलबत:

दोन कोरड्या पण कामाच्या गोष्टी.

माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा तिथे चालतो. पण तुमची क्रूझ मध्ये ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानसारख्या बाहेरच्या देशात थांबत असेल तर व्हिसा अनेक प्रवेशांचाच हवा. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा एकदा बाहेर पडलात की संपला. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात, तेव्हा त्याची रंगीत प्रत आणि जहाजाचं कार्ड जवळ ठेवा.

दुसरं, साडेचार म्हणजे जहाजाच्या घड्याळाचे साडेचार. काही जहाजं वाटेत आपली वेळ बदलत नाहीत. उतरताना दाराशी लिहिलेली वेळ बघा आणि एकाच्या तरी मनगटावर ती लावून ठेवा, कारण फोन आपोआप स्थानिक वेळ धरतो. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्याआपण फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. बिर्गूहून तीनच्या आत निघा.

नीलरेषा:

आमची क्रूझ ट्युनिसला थांबते! व्हिसाचा अर्ज अजून भरलेला नाही, आजच अनेक प्रवेशांचा पर्याय बघते. गलबत, फार मोठं काम केलंत.

आता ठरलं ते असं. पहाटे उजव्या डेकवर, नऊला खाली, लिफ्टने वर, थेट कॅथीड्रल. अकरापर्यंत तिथेच. मग रिपब्लिक स्ट्रीटवरून रमतगमत बागेत, आई बाकावर, आम्ही कठड्यापाशी, बाराची तोफ. नंतर लिफ्टने खाली, फेरीने बोर्म्ला, गोदी, बिर्गू, आणि तीनच्या आत परत. वाचनखूण साठवली आहे.

कुंचला, एकच विचारायचं राहिलं. ओरॅटरीत बसायला काही सोय असते का? आईला चित्रासमोर थोडा वेळ बसवता आलं तर मला तिथे घाई करावी लागणार नाही.

कुंचला:

मी गेलो तेव्हा लोक बहुतेक उभेच होते, त्यामुळे बसायला मिळेलच असं धरून चालू नका. दारावरच्या कर्मचाऱ्यांना गुडघ्यांचं सांगा. आणि क्रम असा ठेवा: आधी ओरॅटरी, मग आईंना मुख्य सभागृहात खुर्चीवर बसवा, तिथून प्रेतीचं छत मान वर करून निवांत बघता येतं. त्या छतात रमल्या की तुम्ही परत एकदा चित्रापाशी जाऊन या.